ताईंची यादी आणि तीन प्रकारचे ‘ॲ’

शेवटचं लायब्ररीत कधी गेला होतात? अभ्यासिकेत एसी आहे म्हणून नाही, पुस्तक घ्यायला? बरं, राहू दे. ऑफिसातून सुटून, फास्ट लोकल पकडून डोंबिवलीला उतरेपर्यंत साडेआठ होतात आणि लायब्ररीचं शटर आठला खाली येतं, हे मलाही माहीत आहे. त्यात ‘हल्ली सगळं ऑनलाइन मिळतं’ हे वाक्य आपल्या पब्लिकच्या तोंडात इतकं बसलंय, की ते खरं आहे का हे कुणी बघायलाच जात नाही.

ते बघायला जाणारी एक बाई मला सापडली आहे. तेव्हा या आठवड्यात नवा कॅफे नाही, वीकेण्ड गेटवे नाही. या आठवड्यात ताई.

ताई म्हणजे आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. वाचनालय ‘ब’ वर्गातलं. (महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अनुदान घेणाऱ्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. शाळेतल्या तुकड्यांसारखे!) पगाराचा आकडा छापू नकोस म्हणाल्या, म्हणून छापत नाही. गेलं वर्षभर शटर ओढल्यावर ताई रोज तासभर मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर बसतात आणि लायब्ररीच्या कामाला येईल असं एकेक ऑनलाइन टूल वापरून बघतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी त्याचे पैसे देत नाही.

का, असं विचारलं तर त्यांनी एक फाइल पुढे सरकवली. वर लिहिलं होतं, ‘बाद करावयाची पुस्तके’.

मामला असा, की काउंटरवर तीस वर्षं बसणारे एक काका निवृत्त झाले. कुठलं पुस्तक कुठे, हे सगळं काकांच्या डोक्यात. ‘दुसरं कपाट, खालून तिसरा खण, लाल पुठ्ठा,’ विषय संपला! काका गेले आणि काउंटरवर ‘नाही सापडत’ हे उत्तर वाढलं. सापडत नाही म्हणजे देवघेव नाही. वर्षानुवर्षं देवघेव नाही म्हणजे कुणी वाचत नाही, म्हणजे जागा अडवतं, म्हणजे समितीच्या बैठकीत बादच्या यादीत, म्हणजे रद्दीवाला. “अगं, वाचक नाही म्हणून पुस्तक गेलं तर मी समजू शकते,” ताई म्हणाल्या. “पण टायपिंगपायी जायला नको ना!”

टायपिंग? तर ऐका.

लायब्ररीची कॉम्प्युटरवर यादी आहे. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून टाइप केलेली, पण युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात. नव्या मशिनवर उघडली की लेखकाच्या नावाच्या जागी डॉलर, कंस, उलटेसुलटे इंग्रजी टिंबठिपके. असे जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. डाव्या चौकटीत कचरा टाका, उजवीकडून मराठी घ्या. ताईंनी ते केलं. बरीचशी यादी सुधारली. काही रफार मात्र शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसले, काही जोडाक्षरं फुटली. ती हाताने दुरुस्त केली, आणि नंतरच्या काळात वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या नोंदी खाली जोडल्या. झाली यादी तयार?

नाही. ताईंनी मला शोधखिडकीत ‘ॲ’ टाइप करायला लावला. मोजकी पुस्तकं आली. मग त्यांनी स्वतः ‘अॅ’ टाइप केला. वेगळीच पुस्तकं! मग ‘ऍ’. आणखी वेगळी! त्याचं कारण असं, की ॲडव्होकेटमधला हा आपला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एक अख्खं अक्षर म्हणून आला २००८ साली. त्याआधी कुणी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालवलं, तर कुणी ‘ए’वरच्या चंद्राचं अक्षर वापरलं. पहिले दोन तर स्क्रीनवर डिट्टो सारखे दिसतात. तुम्हा-आम्हाला फरक कळणार नाही, मशिनला ती वेगळी अक्षरं. हीच गंमत ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’मधल्या त्या पापणीसारख्या ‘ऱ्’ची. तोही दोन पद्धतींनी टाइप होतो आणि एकाने शोधलं तर दुसरा हाती लागत नाही. विचार करा, पुस्तक कपाटात आहे, नोंद यादीत आहे, वाचक काउंटरवर आहे, आणि तिघांची गाठ पडत नाही. का? तर कीबोर्ड वेगळा होता! मला हे ऐकून जाम राग आला. ताईंना राग यायची स्टेज कधीच मागे पडली आहे. त्या सरळ ‘फाइंड अँड रिप्लेस’ मारतात.

नावांची भानगड त्याहून मोठी. ‘वि. स. खांडेकर’, ‘खांडेकर वि. स.’ आणि टिंबांनंतर जागाच न सोडलेले ‘वि.स.खांडेकर’ हे कॉम्प्युटरच्या लेखी तीन सज्जन. इथे ताईंना सापडलेलं सगळ्यात भन्नाट टूल म्हणजे ‘ओपनरिफाइन’. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्या मशिनवर चालतं; यादी कुणाच्या सर्व्हरवर पाठवावी लागत नाही. हजारो नोंदींमधली सारखी वाटणारी नावं ते एकत्र गोळा करतं आणि विचारतं, हे सगळे एकच का? शब्दांचा क्रम उलटा असेल तर पहिल्या फटक्यात पकडतं. जागा न सोडलेलं प्रकरण मात्र निसटतं, मग पद्धत बदलून पुन्हा फिरवायचं. अंतिम ‘हो’ म्हणायचं काम माणसाचं. हे टूल २०१० साली दुसऱ्याच नावाने आलं, मग गुगलकडे होतं, २०१२ मध्ये गुगलने हात काढून घेतला आणि वापरणाऱ्यांनीच ते पुढे चालवलं. ताईंना यातला शेवटचा भाग फार आवडतो.

टोपणनावांचं काय? कविता हवी तर कुसुमाग्रज, नाटक हवं तर शिरवाडकर. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर. हे जुळवायला ताई विकिडेटा वापरतात. तिथे एका माणसाची सगळी नावं एका क्रमांकाखाली असतात. (जन्म-मृत्यूची सालंही असतात. ती पुढे कामाला येतात, थांबा.) आणि शीर्षकांमध्ये तर शुद्धलेखनाचा इतिहासच आहे. १९६२ च्या नियमांनी ‘कांहीं’, ‘नाहीं’ वरचे अनुस्वार उडाले, पण त्याआधीच्या पुस्तकांच्या कव्हरवर ते आहेतच. आजचा वाचक ‘काही’ शोधणार. ताईंचा फंडा साधा आहे. यादीत एक जास्तीचा कॉलम, ‘शोधनाव’. कव्हरवर जसं आहे तसं एका कॉलमात, लोक जसं टाइप करतील तसं दुसऱ्यात.

‘एवढं कशाला, बारकोड स्कॅन करायचा ना!’ मीही हेच म्हणाले. फोनने बारकोड वाचला की पुस्तकाची सगळी माहिती भरून देणारी ॲप्स आहेत, इंग्रजी पुस्तकांवर झक्कास चालतात. आमच्या कपाटातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नंबरच नाही. काय स्कॅन करणार? पुठ्ठा?

आता पीडीएफ. हा विषय निघाला की ताईंचा आवाज जरा वर जातो. लायब्ररीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, अमक्याची पीडीएफ आहे का? ताई शांतपणे लिहितात, ‘पुस्तक आहे, दाखल क्रमांक अमुक.’ एका जुन्या वर्गणीदाराने अनामत परत घेतली, का तर ‘दुसऱ्या ग्रुपवर सगळं फुकट येतं.’ ताईंनी पावती फाडली, पैसे मोजून दिले, पण पीडीएफ पाठवली नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे, हवं तेवढं वाटा. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबा. पु. ल. तर २०६० संपेपर्यंत. तोवर आपण सगळे सीनियर सिटिझन! विकिडेटातली सालं इथे कामाला येतात. ताईंच्या यादीत याचाही कॉलम आहे.

पण स्कॅनिंग त्या करतात. २०१२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. जतनासाठी, वाटण्यासाठी नाही. ताईंनी कादंबऱ्यांना हातच लावला नाही. त्यांनी घेतल्या गावातल्या शाळांच्या, नाट्यमंडळांच्या, गणेशोत्सवांच्या जुन्या स्मरणिका. कारण खांडेकरांची प्रत दहा ठिकाणी असेल, ह्या कुठेच नसतील. फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडला की त्यातला छापील मराठी मजकूर टाइप झालेला मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर बरा, खिळे झिजलेले असतील तर करमणूक.

अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या पोरांसाठी दाराशी एक चिठ्ठी लावली आहे, त्यावर क्यूआर कोड. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, मराठी विश्वकोश, शोधगंगेवरचे पीएचडीचे प्रबंध, आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी. शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शोधता येतात. सगळं फुकट. पोरं क्यूआर स्कॅन करतात, आणि विश्वकोश बघायचा सोडून वायफायचा पासवर्ड विचारतात. असो.

एआयबद्दल न लिहिता हा कॉलम संपला तर संपादक परत पाठवतील. एक कॉलेजची मुलगी चॅटबॉटने दिलेली यादी घेऊन आली. गिरणी कामगारांवरच्या मराठी कादंबऱ्या. लेखक खरे, काही शीर्षकं खरी, काही ताईंनी जन्मात न ऐकलेली. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी छापून आली, त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती! तिथे निदान लगेच कळलं. इंग्रजी पुस्तक आहे की नाही हे वर्ल्डकॅटसारख्या जगभरच्या ग्रंथालयांच्या याद्या एकत्र असलेल्या ठिकाणी बघता येतं. मराठीत? वर्ल्डकॅटवर नाही सापडलं म्हणजे पुस्तक नाही, असं छातीठोक म्हणताच येत नाही. ते आमच्यासारख्या एखाद्या ‘ब’ वर्गाच्या कपाटात असू शकतं, ज्याची यादी नेटवर कधी गेलीच नाही. “म्हणजे खोटं पुस्तक खोटं ठरवायलासुद्धा माझी यादी नीट पाहिजे,” ताई म्हणाल्या आणि त्या मुलीच्या कागदावर एकेका नावापुढे खूण करत बसल्या. दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह राहिलं. मुलीला तेवढंही चाललं. चॅटबॉटने तर प्रश्नचिन्ह एकही दिलं नव्हतं.

आता ही यादी ठेवायची कुठे, यावर समितीत चर्चा सुरू आहे. ताईंना हवं आहे ‘कोहा’. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टने, जुनी सिस्टिम २००० साल उजाडल्यावर चालणार नाही म्हणून, १९९९ मध्ये करून घेतलेलं आणि नंतर जगाला फुकट दिलेलं सॉफ्टवेअर. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. खजिनदारांचा प्रश्न आहे, भेट आहे तर मग सर्व्हरचे पैसे कसले? प्रश्न चुकीचा नाही. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते चालवणारा माणूस फुकट नसतो. (ताई सोडून.) कुठलंही टूल पुढे आलं की ताई पहिला प्रश्न विचारतात, ‘माझी यादी मला जशीच्या तशी परत काढून मिळेल?’ ओपनरिफाइन पास. कोहा पास. एक गोंडस, रंगीत, ‘पहिले तीन महिने फ्री’वालं टूल नापास.

तोवर यादी गुगल शीट्समध्ये आहे. दर महिन्याला तिची एक सीएसव्ही प्रत पेनड्राइव्हवर जाते. आणि दाखल नोंदवही, ती जाड, कापडी बांधणीची, तीही ताई रोज हाताने भरतात. समितीतले तरुण मेंबर हसतात. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिचा ऑनलाइन कॅटलॉग जानेवारीपर्यंत बंद होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॅकर्सनी इंटरनेट अर्काइव्ह काही दिवस ठप्प केलं होतं. शाईपेनाला पासवर्ड नसतो.

ताजी खबर: कादंबऱ्या आणि कथासंग्रह झाले, चरित्रं होत आली. बादच्या फाइलमधल्या बऱ्याच नावांवर लाल रेघ आहे, त्यातली काही पुस्तकं आता बाहेर वाचकांच्या घरी आहेत. मी गेले त्या दिवशी ताई ८९१.४६२ ला, म्हणजे मराठी नाटकांच्या कपाटाला हात घालणार होत्या. कपाट उघडलं तर खालच्या खणाला वाळवी. लॅपटॉप बंद करून ताई रॉकेल शोधायला गेल्या.