दुरुस्ती हीसुद्धा विद्याच!

— एक विद्यार्थिनी, बी. ए. (द्वितीय वर्ष)

आपल्याकडे विद्येचे दोन प्रकार मानले जातात. एक वहीत उतरते, तिला गुण मिळतात. दुसरी बोटांत राहते, तिला मजुरी मिळते. पहिली शिकणाऱ्याला आपण विद्यार्थी म्हणतो, दुसरी शिकणाऱ्याला ‘पोऱ्या’. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी केली आणि कशासाठी केली, असा प्रश्नही आपल्याला पडत नाही. मला मात्र तो पडला, आणि तो एका जुन्या संगणकाच्या साउंड कार्डामुळे पडला. कला शाखेच्या वार्षिकात साउंड कार्डाचे काय काम, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आज खिशातला मोबाईलही गातो. म्हणून संगणक एके काळी मुका होता हे आमच्या पिढीला खरे वाटत नाही. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला ‘बीप’ करण्यापलीकडे फारसे काही येत नव्हते. भारतात १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक आणला, त्याचीही तीच गत. आवाज हवा असेल तर पेटी उघडून आतल्या खाचेत एक वेगळी पट्टी बसवावी लागे. तीच साउंड कार्ड. १९८७ साली आलेले ‘ॲडलिब’ हे अशा पहिल्या नावाजलेल्या कार्डांपैकी एक. ते काढणारे मार्टिन प्रेव्हेल हे कॅनडातल्या क्युबेकचे संगीताचे माजी प्राध्यापक होते. त्या कार्डावर यामाहाची चिप होती. ती ज्या पद्धतीने सूर तयार करी ती ‘एफएम’ पद्धत १९६७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधून काढली होती, आणि चाउनिंग होते संगीतकार. पुढे १९८९ साली ‘साउंड ब्लास्टर’ आले आणि घरोघर पोचले. ते बनवणारी सिंगापूरची क्रिएटिव्ह ही कंपनी सिम वाँग हू यांनी १९८१ साली सुरू केली, ती संगणक दुरुस्तीचे दुकान म्हणून!

संगीताचा प्राध्यापक, संगीतकार आणि दुरुस्तीवाला, या तिघांच्या कामातून संगणकाला कंठ फुटला. कला आणि कारागिरी यांच्यामध्ये आपण जी भिंत समजतो ती तेथे कोणाला दिसली नाही, असे म्हणावे लागते.

आता माझ्या अनुभवाकडे येते. इतवारीच्या एका गल्लीत माझ्या बाबांचे रेडिओ, टीव्ही आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान आहे. बाबा सातवीपर्यंत शिकले. कॉलेजचे तोंड पाहणारी आमच्या घरातली मी पहिली. मागच्या उन्हाळ्यात ओळखीचे एक निवृत्त संगीतशिक्षक सायकल-रिक्षात घालून एक जुना ४८६ संगणक घेऊन आले. १९९६ साली त्यांनी त्यात आपल्या शिष्यांचे गाणे भरून ठेवले होते. त्या काळच्या हिशेबात हे सोपे नव्हते. साध्या आठ बिटांच्या मुद्रणालाही मिनिटाला सुमारे १.३ मेगाबाइट जागा लागे, आणि सबंध डिस्कच काहीशे मेगाबाइटांची. त्या शिष्यांपैकी एक आता हयात नाही. कबाडी त्या पेटीचे वजनावर पैसे द्यायला तयार होता. गुरुजींना पैसे नको होते, आवाज हवा होता.

यंत्र सुरू झाले. त्यातल्या एका खेळाचे संगीत व्यवस्थित वाजले. पण मुद्रित केलेले गाणे लावले की पहिला तुकडा तेवढा ऐकू येई, आणि मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा, सुई अडकलेल्या तबकडीसारखा. वर एक सततची घरघर. पाहणारा म्हणेल, कार्ड गेले. बाबांचा नियम वेगळा आहे. ते म्हणतात, “काय बिघडलं ते मंग पाहू, पयले काय चालू आहे ते पाय.”

हे साधे वाक्य मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिले नव्हते. संगीत वाजते, याचा अर्थ कार्डाला वीज मिळते, त्याचा पत्ता बरोबर आहे, आवाज बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे. म्हणजे निम्मे संशयित एका फटक्यात सुटले. मग उरले काय? येथे माझे इंग्रजी वाचन उपयोगी पडले. एफएम संगीताला प्रोसेसर थेट हुकूम देतो. त्याला आणखी कोणाची मदत लागत नाही. मुद्रित आवाजाचे तसे नसते. तो ‘डीएमए’ नावाच्या वाटेने स्मृतीतून तुकड्यातुकड्यांनी कार्डाकडे जातो, आणि एक तुकडा संपला की कार्ड ‘इंटरप्ट’च्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारते: झाले, पुढचा पाठवा. ही हाक पोचली नाही तर पुढचा तुकडा येत नाही आणि जुनाच फिरत राहतो. गुरुजींच्या यंत्रात कार्ड सात नंबरच्या तारेवर होते, आणि प्रिंटरची जागाही बहुधा सातच असते. कार्डावरचा इवलासा जंपर चिमट्याने काढून पाचवर बसवला, सुरुवातीच्या फाइलमधल्या ओळीत ७ च्या जागी ५ लिहिले, आणि गाणे पुढे सरकले.

घरघर उरली होती. ती कार्डाची की स्पीकरची? बाबांनी कार्डातून स्पीकरची पिन उपसली, घरघर तशीच. म्हणजे कार्ड निर्दोष. स्पीकरचा डबा उघडला तर आतला मोठा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला. असल्या कंडेन्सरच्या पोटात द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू वाळतो. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंश तापमान वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. नागपूरचा मे महिना आणि पत्र्याची खोली, यात तो पंचवीस वर्षे टिकला हेच नवल! तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण सोळाऐवजी पंचवीस व्होल्टचा नवा घातला, अधिक-उणे बाजू पाहून सोल्डर मारले, घरघर गेली. आवाजाच्या चक्रीची खरखर आणि कार्डाच्या कडेवरचा मळ यांना औषध सोपे होते. चक्रीला फवारा आणि कडेला शाळेतले खोडरबर.

गुरुजींना हुरूप आला. त्यांनी विचारले, याहून चांगले कार्ड बसवता येईल का? तेही झाले. त्यांचे कार्ड आठ बिटांचे होते. आवाजाची उंची मोजायला त्याच्याकडे २५६ पायऱ्या. १९९२ साली आलेल्या ‘साउंड ब्लास्टर १६’ कडे ६५,५३६ पायऱ्या. असे एक कार्ड एका कबाड्याच्या ढिगात मिळाले. त्याला १६ बिटांच्या आवाजासाठी आणखी एक डीएमए वाट नेमून द्यावी लागते, ती दिली. पण बाबांनी गुरुजींना आधीच स्पष्ट सांगितले की जुने गाणे याने सुधारणार नाही. जे आठ बिटांत भरले गेले ते आठ बिटांचेच राहणार. नवे कार्ड त्यात नवा सूर घालू शकत नाही. नव्याने जे भराल ते मात्र चांगले निघेल. शिक्षणाविषयी याहून नेमके काही मी अद्याप ऐकलेले नाही.

आता मूळ मुद्दा. या सबंध कामात बुद्धी कोणती आणि मजुरी कोणती? निरीक्षण करणे, कारणांची यादी मनात मांडणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, निकाल पाहून अर्धी शक्यता बाद करणे; तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही जे व्याख्येच्या रूपात पाठ करतो ते बाबा रोज दुकानात करतात. तर्कशास्त्राची व्याख्या लिहिणारी मी ‘सुशिक्षित’, आणि तर्क चालवणारे बाबा ‘कमी शिकलेले’. हा हिशेब मला पटत नाही.

हे दुखणे नवे नाही. नागपूरहून दोन तासांच्या अंतरावर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा गांधीजींचा विचार तेथे मांडला गेला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ‘नई तालीम’ जन्माला आली. विचार थोर होता. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९३६ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले होते की जात ही नुसती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच एकमेकांपासून केलेली वाटणी आहे. हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजे, असे मला वाटते. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या हातकामाला जुंपल्या गेल्या त्याला ‘हातकाम पवित्र आहे’ असे सांगणे सोपे, आणि क्रूरही. मी सोल्डरिंगची इस्त्री हातात घेतली की बाबाच म्हणतात, “काहून हात काळे करून राह्यली माय? याच्यासाठी शिकवलं का तुले?” त्यांच्या या प्रश्नात पन्नास वर्षांचा अपमान साठलेला आहे, आणि मी तो हसण्यावारी नेऊ शकत नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहून “भाऊ नाही का दुकानात?” असे विचारते, तेव्हा त्या वाटणीत बाईच्या वाट्याला काय आले तेही कळते.

म्हणून माझे म्हणणे असे नाही की मिस्त्रीच्या मुलीने मिस्त्रीच व्हावे. माझे म्हणणे असे की प्राध्यापकाच्या मुलानेही सोल्डर मारून पाहावे, आणि मिस्त्रीच्या विद्येला विद्या म्हणावे. काम सर्वांत वाटले गेले तरच त्यावरचा डाग निघेल. नुसत्या गौरवाच्या भाषणांनी निघणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हल्ली दुरुस्ती परवडत नाही. नवे स्वस्त, जुने महाग. साउंड कार्डच पाहा. १९९७ साली इंटेलने ‘एसी ९७’ ही पद्धत आणली, आवाजाचे काम मुख्य बोर्डावरच होऊ लागले आणि बहुतेक घरांतून कार्ड नाहीसे झाले. ते सोयीचे झाले, यात वाद नाही. पण त्याबरोबर उघडून पाहण्याची सोयही गेली. आता एक चिप गेली की लोक सबंध बोर्ड फेकतात. फेकलेले कोठे जाते? कोणाच्या तरी वस्तीत, कोणाच्या तरी उघड्या हातांनी ते फोडले आणि जाळले जाते. सरकारलाही हे कळले आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ उघडले. हक्क कागदावर येत आहे; तो वापरणारे हात कोठून येणार?

आणखी एक गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. ज्या खाचेत साउंड कार्ड बसे त्याच खाचेत एके काळी आपली लिपीही बसवावी लागे. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड घातले की इंग्रजी संगणक देवनागरी दाखवू लागे. यंत्र आपली भाषा आपण होऊन शिकत नाही; कोणाला तरी पेटी उघडावी लागते. असे असता दुरुस्तीचे ज्ञान मात्र मराठीत लिहिलेले जवळपास सापडत नाही. ‘ड्राय सोल्डर’, ‘कॉन्टॅक्ट मारणे’, ‘लाइन तपासणे’ असे मिस्त्रींचे शब्द आहेत, खुणा आहेत, कानाची परीक्षा आहे. हे सारे त्या माणसांबरोबर जाणार आहे. लोकगीते गोळा करायला आपण गावोगाव जातो, ते योग्यच. मग बर्डीच्या आणि इतवारीच्या दुकानांतले हे ज्ञान गोळा करायला कोणी जायचे?

गुरुजनांपुढे आणि मित्रमैत्रिणींपुढे तीन सूचना ठेवते. पहिली, महाविद्यालयातले जुने संगणक भंगारात देण्यापूर्वी एका खोलीत ठेवावेत आणि आठवड्यातून एक दुपार ते उघडून पाहण्यास द्यावी, मुलामुलींना सारखीच. दुसरी, त्या दुपारी शहरातल्या एखाद्या मिस्त्रीला पाहुणे व्याख्याते म्हणून बोलवावे. साहित्यिकाला देतो तेवढेच मानधन आणि तशीच खुर्ची द्यावी. तिसरी, मराठी विभागाने एक ‘दोष-वही’ ठेवावी. दोष काय दिसला, काय तपासले, काय निघाले, हे प्रत्येकाने साध्या मराठीत लिहावे. पाच वर्षांत त्या वहीचे पुस्तक होईल, आणि ते भाषांतरित नसेल.

खर्च फार नाही. एक टेबल, चार स्क्रू-ड्रायव्हर, एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची इस्त्री, आणि थोडे खोडरबर. खोडरबर तर आपल्याकडे आहेतच.