कबुतरं, ताडपत्री आणि हिचकॉक

वीकेंडला हॉरर बघायचाय? भुतं राहू द्या, हिचकॉकचा १९६३ चा 'द बर्ड्स' लावा. नेहमीचं पार्श्वसंगीत नाहीच; फक्त फडफड आणि चीत्कार, तेही बरेचसे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले. पक्षी माणसांवर का तुटून पडतात, हे शेवटपर्यंत कळत नाही. खरी टरकते ती तिथेच, बॉस!

त्यातले पक्षी निदान चोच तरी मारतात. आपल्या दादरच्या कबुतरांना तेवढेही कष्ट नाहीत. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काहींची फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात त्याला. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर पालिकेने कबूतरखान्यावर ताडपत्री टाकली, तर जमावाने ती ओढून काढली! दाणे टाकणाऱ्या आजोबांना पुण्य हवंय, समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना श्वास. आपलं मत आजींना.

आणि हो, पिक्चर लावण्याआधी एसीमागची घाण काढणार असाल, तर कोरडा झाडू नको. आधी पाणी मारा, मास्क लावा, मगच हात घाला.