साउंडबार घ्यावा काय?

रात्रीचीं जेवणें झालीं, मागची आवराआवर आटोपली, कीं आमच्या घरीं साडेआठ ते साडेनऊ हा तास टी. व्ही.चा. लहानमोठीं मिळून आम्ही नऊ माणसें. एरवीं नऊ दिशांना असणारीं हीं माणसें तेवढा तास मात्र एका खोलींत असतात. आमच्या मातोश्रींचें वय ७९. घरांत त्यांना सारे माई म्हणतात. त्यांची खुर्ची खिडकीजवळ वर्षानुवर्षें ठरलेली. गेल्या पावसाळ्यापासून मात्र मालिका अर्ध्यावर आली कीं माई उठूं लागल्या. "झोंप येते रे आतां," एवढेंच म्हणत आणि आपल्या खोलींत जात. वयच झालें, असें म्हणून आम्ही स्वस्थ बसलों.

एके रात्रीं कांहीं कारणानें आम्ही त्यांच्या खोलींत गेलों, तों माई जाग्याच. दिवा मालवलेला, हातांत स्मरणी, आणि बाहेर सर्वजण कशाला तरी मोठ्यानें हंसत होते. आम्हीं विचारलें तेव्हां प्रथम त्यांनीं टाळाटाळ केली. मग म्हणाल्या, "अरे, आवाज येतो, शब्द येत नाहींत. परवां तिसऱ्यांदा विचारलें तेव्हां पोर म्हणाली, 'आजी, जाऊं दे ग, विशेष कांहीं नाहीं.' तिची चूक नाहीं. तिला गोष्ट पुढें ऐकावयाची होती. म्हटलें, आपणच उठावें."

'विशेष कांहीं नाहीं' हे तीन शब्द आमच्या मनाला फार लागले. घरांत सर्व हंसत असतां एकानें अंधारांत बसावें, यापरतें विशेष तें काय असावयाचें?

दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं हा विषय निघाला. आमच्या पुतण्यानें तात्काळ निकाल दिला, "काका, साउंडबार घेऊन टाकूं." त्यानें मोबाइलवर जो दाखविला त्याची किंमत आमच्या टी. व्ही.च्या दीडपट होती. "नाकापेक्षां मोतीं जड," वहिनी म्हणाल्या. आमचे थोरले बंधु म्हणाले, "आवाजाचा आंकडा अगोदरच विसावरून चाळिसावर गेला आहे. खालच्या मजल्यावरचे लोक भिडेखातर बोलत नाहींत एवढेंच. आणखी आवाज कशाला?" धाकट्या पुतणीचें हें दहावीचें वर्ष, दार लावूनहि आपल्याला सारी मालिका ऐकूं येते, अशी तिची तक्रार. सौ.नें मात्र निराळाच प्रश्न टाकला. दोष टी. व्ही.चा कीं कानाचा, हें कोणीं पाहिलें आहे काय?

ऐकावें जनाचें, करावें मनाचें, ही म्हण खरी. परंतु मनाचें करण्यापूर्वीं थोडी माहिती असावी, म्हणून आम्हीं महिनाभर या प्रकरणाचा पाठपुरावा केला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हीच अडचण आज पुष्कळ घरीं असेल.

प्रथम टी. व्ही.ची बाजू. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढच्या दहापंधरा वर्षांत ज्यांनीं शटरच्या लांकडी पेटींतला टी. व्ही. पाहिला असेल त्यांना आठवेल कीं, त्याचा स्पीकर पुष्कळदां पडद्याच्या शेजारींच, बसणाऱ्यांच्या समोर तोंड करून असे. काचेची मोठी नळी मावण्यासाठीं पेटी हातभर खोल करावी लागे, त्यामुळें स्पीकरलाहि ऐसपैस जागा मिळे. चित्र बेताचें, पण बातम्या स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट पोंचत. आतांचा टी. व्ही. बोटा-दोन बोटांच्या जाडीचा. त्यांतले स्पीकर लहान, आणि ते बहुधा खालीं किंवा पाठीमागें भिंतीकडे तोंड करून बसविलेले. शब्द आधीं टेबलावर वा भिंतीवर आदळतात व मग आपल्याकडे येतात. चित्र सुधारत गेलें आणि आवाज मागें पडला, तो अशा रीतीनें.

दुसरें कारण ध्वनिमुद्रणाचें. हल्लींचे पुष्कळसे चित्रपट व कांहीं मालिका पांच स्पीकर आणि एक खर्जाची पेटी यांसाठीं तयार केलेल्या असतात. या पद्धतीला ५.१ म्हणतात. संवाद मुख्यत्वें मधल्या स्पीकरसाठीं. संगीत, पाऊस, मोटारी हें सारें बाजूच्या व मागच्या स्पीकरसाठीं. घरच्या टी. व्ही.ला बहुधा दोनच स्पीकर. सहा ओघांचें पाणी दोन पाटांत सोडावें तसा प्रकार होतो, आणि संवाद संगीतांत बुडून जातो. आंकडा वाढवावा तर संगीतहि तितकेंच वाढतें.

आतां कानाची बाजू. वय वाढतें तसतसे प्रथम उंच पट्टीचे ध्वनि ऐकूं येईनासे होतात. भाषेंतले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे व दमदार. स, श, फ, ट, थ यांची ओळख ज्यामुळें पटते तो भाग मात्र उंच पट्टीचा व नाजुक. तो गेला म्हणजे आवाज येतो, पण 'सात' म्हटलें कीं 'साठ' हें कळत नाहीं. माईंचें 'आवाज येतो, शब्द येत नाहींत' हें वाक्य आम्हीं कानाच्या डॉक्टरांना जसेंच्या तसें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या कीं, निम्में निदान तुमच्या मातोश्रींनींच केलें आहे. अशा माणसाशीं मोठ्यानें बोलावें तर 'ओरडतोस कशाला?' असें उत्तर मिळतें. तो हेकेखोरपणा नव्हे. अशा कानाला हळू आवाज ऐकूं येत नाहीं, पण मोठा आवाज पूर्वींइतकाच कर्कश लागतो. मधला सुखाचा पट्टा तेवढा अरुंद होतो. ही गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या आयोगानें २०२० सालीं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारीं जीं १२ सुधारतां येण्याजोगीं कारणें सांगितलीं, त्यांत श्रवणदोषाचा समावेश आहे.

तेव्हां आमचा पहिला सल्ला असा कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं फुकटचे उपाय करून पाहावे. टी. व्ही.च्या मांडणींत 'स्पष्ट संवाद' अशा अर्थाचा पर्याय पुष्कळदां असतो. तो कोणी उघडूनच पाहत नाहीं. चित्रपटाच्या भाषेपुढें '५.१' असें लिहिलेलें दिसल्यास व दुसरा पर्याय असल्यास साधा 'स्टीरिओ' निवडावा. टी. व्ही. शोकेसच्या कोनाड्यांत खोल बसविला असेल तर कडेपर्यंत पुढें ओढावा. उघड्या फरशीवर सतरंजी व खिडकीला जाड पडदा असला कीं खोलीचा घुमारा कमी होतो. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे खुर्ची. मोकळ्या जागेंत अंतर निम्में केलें कीं आवाज सहा डेसिबलनें वाढतो. बंद खोलींत त्याहून थोडा कमी. माईंची खुर्ची खिडकीजवळून बारा फुटांवरून सहा फुटांवर आणली, त्याच दिवशीं त्यांना बातम्या बऱ्याचशा समजूं लागल्या. त्यांची जागा बदलावी हें इतक्या महिन्यांत आम्हां आठ शहाण्यांपैकीं एकालाहि सुचलें नव्हतें!

दुसरा सल्ला कानाच्या तपासणीचा. पुष्कळदां नुसता मळ काढल्यानेंहि फरक पडतो. त्यानंतर एका शांत खोलींत २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतचे निरनिराळ्या पट्टीचे सूर ऐकवून कानाचा आलेख काढतात. माईंचा आलेख डावीकडे ठीक आणि उजवीकडे उतरणीच्या वाटेसारखा घसरलेला निघाला. म्हणजे उंच पट्टी गेलेली. डॉक्टरांनीं श्रवणयंत्र सुचविलें. माई प्रथम तयार होईनात. "लोक म्हणतील, म्हातारी बहिरी झाली." त्यावर वहिनी म्हणाल्या, "माई, चाळिशी लागली तेव्हां चष्मा घेतलात, तेव्हां कोणी आंधळी म्हणालें का?" यंत्र आलें. पहिले पंधरा दिवस भांड्यांचा व वर्तमानपत्राच्या घडीचा आवाजहि माईंना नकोसा होई. मग हळूहळू कान रुळला.

एवढें झाल्यावर साउंडबारचा प्रश्न उरतो काय? उरतो. टी. व्ही.च मुळांत पुटपुटत असेल तर यंत्र लावूनहि तें पुटपुटणेंच कानीं येणार. म्हणून तिसऱ्या पायरीला आम्ही दुकानांत गेलों. विक्रेत्यानें प्रथम स्फोट व विमानें ऐकविलीं. आम्हीं त्याला मराठी बातम्या लावावयास सांगितलें. तेथें जो बार उत्तम ठरेल तोच घरीं कामाचा. निवड करतांना ज्या गोष्टी ध्यानीं ठेवाव्या त्या अशा.

बारवरील आंकडे प्रथम वाचावे. २.० म्हणजे डावाउजवा आवाज. २.१ म्हणजे त्याला जोडून खर्जाची पेटी. ३.१ म्हणजे यांखेरीज मधला, संवादाचा, वेगळा मार्ग. ५.१.२ यांतला तिसरा आंकडा छताकडून येणाऱ्या आवाजाचा. ज्यांची तक्रार संवाद समजत नाहीं ही आहे, त्यांनीं आरंभीं तीन आहे कीं नाहीं एवढें पाहावें. पुढचे आंकडे चित्रपटाच्या हौसेचे आहेत.

वॅटच्या आंकड्यानें दिपून जाऊं नये. शक्ति दुप्पट केली तर आवाज अवघा तीन डेसिबलनें वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावयास शक्ति दहापट लागते. ३०० आणि ६०० वॅटमध्यें किमतीचा फरक जेवढा, तेवढा कानाला मुळींच जाणवत नाहीं.

वेगळी खर्जाची पेटी घेतांना सदनिकेंत राहणाऱ्यांनीं दोनदां विचार करावा. खर्जाचे ध्वनि भिंत व स्लॅब सहज ओलांडतात. आपल्या घरचें युद्ध खालच्या बिऱ्हाडाच्या पलंगाला जाणवतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सकाळीं सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. नियम नसता तरी शेजारधर्म होताच.

जोडणी शक्यतों टी. व्ही.वर 'एआरसी' असें लिहिलेल्या एचडीएमआय खांचेंतून करावी. मग बहुधा टी. व्ही.च्याच रिमोटनें बारचा आवाज कमीजास्त होतो. वृद्ध माणसांच्या हातीं दोन रिमोट देणें म्हणजे त्यांना खोलीबाहेर घालविण्याची दुसरी युक्ति. जुन्या टी. व्ही.ला ऑप्टिकल तार चालते. बिनतारी ब्लूटूथनें कधीं कधीं ओठ आधीं हलतात व शब्द मागून येतो. ज्यांना ओठ पाहून समजावें लागतें त्यांची त्यानें फसगत होते. बारची उंची मोजून घ्यावी, नाहींतर तो पडद्याची खालची कडा व तेथील अक्षरें झांकतो. संवाद उचलणारी व रात्रीं मोठे आवाज दाबणारी सोय आहे ना, हेंहि पाहावें. परत करण्याची मुदत विचारून ठेवावी, कारण दुकानांतली खोली आपल्या खोलीसारखी नसते.

आम्हीं शेवटीं तीन मार्गांचा, वेगळी पेटी नसलेला एक साधा बार घेतला. पुतण्याच्या निवडीपेक्षां त्याची किंमत निम्म्याहूनहि कमी. पुतण्या थोडा हिरमुसला. पण आतां आवाज पूर्वींपेक्षां बराच खालीं ठेवूनहि शब्द समजतात, आणि पुतणीच्या अभ्यासाच्या खोलींत मालिका जात नाहीं, हें त्यानेंहि कबूल केलें. थोरल्या बंधूंना आवाज वाढेल अशी भीति होती; झालें उलटेंच.

हिशोब प्रामाणिकपणें सांगावयाचा तर माईंना सर्वांत अधिक गुण आला तो यंत्रानें. त्याखालोखाल खुर्चीनें, जिला एक पैहि लागली नाहीं. बारचा क्रम तिसरा. आम्हीं बार आधीं घेतला असता तर काम झालें असें समजून तपासणी करावयाची राहूनच गेली असती, आणि तोटा पैशांचा झाला नसता, माईंचा झाला असता. ज्यांची खोली लहान, बसणें जवळ व कान शाबूत, त्यांनीं हा खर्च न केला तरी कांहीं बिघडत नाहीं. ज्यांच्या घरीं कोणी वडील माणूस हल्लीं 'झोंप येते' म्हणून लवकर उठतें, त्यांनीं मात्र एकदां त्याच्या खोलींत डोकावून यावें.

गेल्या आठवड्यांतली गोष्ट. मालिकेंत कोणी तरी हळूच कांहीं पुटपुटलें आणि माई खुदकन हंसल्या. नातीचें लक्ष मोबाइलमध्यें होतें. तिनें चटकन मान वर करून विचारलें, "काय म्हणाला ग तो, आजी?"

माई तिच्याकडे न पाहतां म्हणाल्या, "जाऊं दे ग, विशेष कांहीं नाहीं."

मग क्षणभर थांबून त्यांनीं तिला तें सावकाश, शब्द न् शब्द सांगितलें.