दंतवैद्याशेजारचे निनावी हात

लोकसभेत २८ जुलै २०२३ रोजी मणिपूरच्या प्रश्नावरून विरोधकांच्या घोषणा चालू होत्या आणि त्या गदारोळातच राष्ट्रीय दंत आयोग विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. ८ ऑगस्टला राज्यसभेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. १९४८ पासून देशातील दंतवैद्यकाचे नियमन करणाऱ्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा. पण पत्रकार कक्षात आम्हा मंडळींची चर्चा होती ती खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांच्या शुल्काची आणि पदवीनंतरच्या परीक्षेची. त्या खात्याच्या राज्यमंत्री तेव्हा दिंडोरीच्या डॉ. भारती पवार होत्या, त्यामुळे मराठी वृत्तपत्रांना थोडे अधिक कुतूहल होते इतकेच. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभे राहून साधने हाती देणाऱ्या, ती धुणाऱ्या आणि उकळणाऱ्या माणसाचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही बातमीत नव्हता. प्रस्तुत लेखकाच्याही नव्हता.

तो विचार मनात आला चंडीगडमध्ये. कामानिमित्त तेथे गेलो असता दाढ ठणकू लागली आणि एका खासगी दवाखान्यात जावे लागले. दवाखाना चकचकीत, डॉक्टर निष्णात. शेजारी उभी असलेली मुलगी विशीच्या आतबाहेरची. तिने हातमोजे घातले होते, आणि त्याच हातमोज्यांनी तिने खण उघडला, भ्रमणध्वनीवर आलेला फोन बंद केला, लाळ ओढणारी नळी माझ्या तोंडात सरकवली. काम आटोपल्यावर तिला विचारले, हे कुठे शिकलीस? ती सहजपणे म्हणाली, ‘‘जी, यहीं. पहले वाली दीदी ने सिखाया.’’ आणि त्या आधीच्या दीदीला कोणी शिकवले? तिच्या आधीच्या दीदीने. त्या मुलीला दोष देण्याचे काहीच कारण नाही. ती जे शिकली ते तिने चोख केले.

यात धोका किती, असे कोणी विचारील. हेपॅटायटिस ‘ब’चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला दूषित सुई टोचली, तर रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे. नुसत्या उकळत्या पाण्याने जिवाणूंचे बीजाणू मरतातच असे नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखालच्या वाफेत, किमान पंधरा मिनिटे साधने राहावी लागतात. आणि त्याआधी त्यांवरील रक्त व लाळ घासून काढलेली असावी लागते, कारण वाळलेल्या थराखाली वाफ पोहोचत नाही. पुडक्यावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे साधन निर्जंतुक झाले, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक ती पट्टी बाहेरून उष्णता लागली एवढेच सांगते. आतले जंतू मेले की नाही हे पाहण्यासाठी बीजाणूंची वेगळी चाचणी ठराविक काळाने करावी लागते. यातले काहीच अवघड नाही, पण ते कोणीतरी सांगितल्याशिवाय कळण्यासारखेही नाही.

न सांगितल्याची किंमत काय असते, हे तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियम्बाडीने दाखवून दिले. तेथील एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या दहा जणांना मेलिऑइडोसिस या जिवाणूजन्य आजाराने गाठले. हा जिवाणू माती आणि पाण्यात वाढतो, एरवी भातशेतीत राबणाऱ्यांना तो होतो. येथे तो थेट मेंदूपर्यंत पोहोचला आणि दहांपैकी आठ जण दगावले. २०२३ च्या या प्रकरणाचा तपशील २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांचे बोट सलाइनच्या बाटलीकडे गेले. निर्जंतुक न केलेल्या हत्याराने बाटली उघडायची, सैल झाकून ठेवायची आणि तेच पाणी पुढच्या रुग्णांच्या तोंडात वापरायचे, असा प्रघात तेथे होता. बाटली उघडणे, झाकणे, साधने मांडणे ही कामे बहुतेक दवाखान्यांत दंतवैद्य स्वतः करीत नाही. ती मदतनीस करते.

अशा मदतनिसाला कायद्यात स्थान काय? १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्याखेरीज दोनच वर्ग ओळखले: दात स्वच्छ करणारा ‘हायजीनिस्ट’ आणि कवळ्या घडवणारा ‘मेकॅनिक’. या दोघांना अभ्यासक्रम आला, नोंदणी आली. खुर्चीशेजारच्या मदतनिसाचा पत्ता नव्हता. पुढे २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत, पण दंतसेवेच्या नावाचा एकही नाही, कारण दातांचा विषय दंतवैद्यांच्या कायद्याकडे असल्याचे गृहीत धरलेले. २०२३ च्या कायद्यात ‘डेंटल ऑक्झिलरी’ हा व्यापक शब्द आला खरा, परंतु दवाखान्यात ‘पहले वाली दीदी’कडून शिकलेली प्रत्येक मुलगी त्या शब्दाखाली येईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कौशल्य विकास योजनेत दंतसहायकाचे प्रशिक्षण उपलब्ध आहे, तथापि ते घेतल्याशिवाय नोकरी देऊ नये असे बंधन मालकावर नाही.

बंधन आहे ते भलत्याच ठिकाणी. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रत्येक आरोग्य संस्थेने, मग तिच्यात एकही खाट नसो, कर्मचाऱ्यांना कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायचे आहे. हेपॅटायटिस ‘ब’ आणि धनुर्वाताची लस टोचायची आहे. आरोग्य तपासणी करायची आहे. नियम उत्तम आहे. मात्र तो कचऱ्याचा नियम आहे. कोणती वस्तू पिवळ्या पिशवीत आणि कोणती लाल पिशवीत, हे तो शिकवतो. जी वस्तू फेकून द्यायची तिचे ज्ञान सक्तीचे, आणि जी पुढच्या रुग्णाच्या तोंडात जायची तिचे ऐच्छिक, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. त्यातही खाटा नसलेल्या संस्थेला परवानगी एकदाच घ्यावी लागते आणि नव्वद दिवसांत आक्षेप आला नाही तर ती मिळाली असे समजले जाते. वार्षिक अहवालात प्रशिक्षणाचा रकाना असतो. तो भरलेला असतो.

येथे चंडीगडचा विशेष लक्षात घ्यायला हवा. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय, म्हणून २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा संसदेने चार राज्यांच्या ठरावांच्या आधारे केला आणि इतर राज्यांवर तो ऐच्छिक राहिला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह कायदा आहे आणि तो खाटा असलेल्या रुग्णालयांपुरता. गल्लीतला दाताचा दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. चंडीगड मात्र केंद्रशासित असल्याने १ मार्च २०१२ पासून त्या कायद्याखाली आहे, दातांच्या दवाखान्यांसह. त्या वेळी चंडीगडचे प्रशासक होते लातूरचे शिवराज पाटील. शेजारच्या पंचकुलात हरयाणाचा अंमल, तेथे हा कायदा पन्नासपेक्षा अधिक खाटांच्या संस्थांना लागू झाला. मोहालीत पंजाबचे राज्य. एकाच नागरी वस्तीतील रुग्ण रस्ता ओलांडतो आणि त्याच्या दाढेचे कायदेशीर संरक्षण बदलते.

तर मग चंडीगडमध्ये सारे आलबेल असावे. तसे नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. तात्पुरती नोंदणी दहा दिवसांत द्यायची, ती देण्यापूर्वी कोणतीही चौकशी करायची नाही, आणि दरवर्षी तिचे नूतनीकरण करीत राहायचे. कायम नोंदणीसाठी किमान मानके आणि ‘किमान कर्मचारी’ या अटी आहेत, पण मानके अधिसूचित झाल्यावरच त्या अटींना धार येते. निदान प्रयोगशाळांसाठी मानके २०१८ मध्ये अधिसूचित झाली, २०२० मध्ये सुधारलीही. म्हणजे इच्छा असेल तेथे केंद्राला हे जमते.

दंतवैद्यांचा युक्तिवाद असा की मदतनीस सहा-आठ महिन्यांत सोडून जातात, त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च कोणी करायचा? यात तथ्य आहे, आणि नेमके याच कारणाने प्रशिक्षण मालकाच्या मर्जीवर ठेवता येत नाही. हेपॅटायटिस ‘ब’च्या लसीचेच पाहा. तीन मात्रा, शेवटची सहाव्या महिन्यात. पहिली मात्रा एका दवाखान्यात घेतलेली मुलगी तिसरीच्या वेळी दुसऱ्याच दवाखान्यात असते, आणि तिच्याजवळ पहिल्या मात्रेचा कागदही नसतो. प्रशिक्षण आणि लसीकरण यांची नोंद तिच्या नावावर असायला हवी, दवाखान्याच्या नाही. ब्रिटनने जुलै २००८ पासून दंतपरिचारिकांची नोंदणी सक्तीची केली ती याच तत्त्वावर. कॅलिफोर्नियात परवाना नसलेल्या मदतनिसालाही संसर्ग-नियंत्रणाचा आठ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. २०२५ पासून तो रक्त-लाळेशी संबंध येण्यापूर्वीच करायचा आहे. आठ तास म्हणजे कामाचा एक दिवस. श्रीमंत देशांची चैन म्हणून हे उडवून लावण्यात अर्थ नाही. त्याच अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २०१३ मध्ये एका दंतशल्यचिकित्सकाच्या सुमारे सात हजार रुग्णांना रक्त तपासून घेण्यास सांगावे लागले होते. तेथे गंजलेली साधने सापडली होती आणि परवाना नसलेल्या मदतनीस शिरेवाटे गुंगीचे औषध देत होत्या. नियम कागदावर असून भागत नाही हे त्यांनाही तेव्हा उमगले.

चंडीगडला शिकवणाऱ्यांची वाण नाही. पीजीआयमध्ये मौखिक आरोग्य विज्ञान केंद्र आहे, पंजाब विद्यापीठाची दंतविज्ञान संस्था सेक्टर २५ मध्ये २००६ पासून आहे. या संस्थांनी महिन्यातून एक दिवसाचा वर्ग घ्यावा, प्रमाणपत्र मुलीच्या नावे द्यावे, आणि वार्षिक नूतनीकरणाच्या अर्जात त्या प्रमाणपत्राचा क्रमांक व लसीच्या तीन तारखा मागाव्यात. मौली जागरण किंवा बुडैलमधून बसने येणाऱ्या मुलीला त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, हेही त्याच आदेशात लिहावे. नाहीतर वर्ग रिकामा राहील.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चंडीगडला घटनेच्या अनुच्छेद २४० च्या कक्षेत आणण्याच्या प्रस्तावावरून पंजाबातील सगळे पक्ष एका सुरात उठले आणि केंद्राला माघार घ्यावी लागली. शहर कोणाचे, या प्रश्नाला एवढी धग असते. या शहराला विधानसभा नाही, लोकसभेत त्याचा एकच खासदार. संसद हीच त्याची विधानसभा. तेव्हा खासदार मनीष तिवारी यांना खासगी विधेयकाचीही गरज नाही. दंतचिकित्सालयांची किमान मानके चंडीगडपुरती केव्हा अधिसूचित होणार आणि त्यांत मदतनिसाच्या प्रशिक्षणाची अट असेल काय, असा एक तारांकित प्रश्न पुरेसा आहे. आरोग्यमंत्री इतर कोणत्याही खासदाराला ‘हा राज्याचा विषय आहे’ असे सांगून खाली बसू शकतात. चंडीगडच्या खासदाराला ते उत्तर देता येत नाही.