बीपी मोजले, नाडी कोणी पाहिली?

गेल्या वर्षी विहारात आरोग्य शिबिर झाले, तेव्हा रक्तदाबाच्या टेबलावर आम्हीच बसलो होतो. रांगेत वस्तीतले एक काका होते. वय ६८, महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त. यंत्राने १३८/८४ दाखवले. "गोळी लागू पडतेय काका, चालू ठेवा," असे म्हणून आम्ही कार्ड त्यांच्या हातात दिले. "अधूनमधून छातीत फडफडतं," असे ते म्हणाले होते. पण रांग मोठी होती. तीन आठवड्यांनी सकाळी उठले तर उजवा हात उचलेना, जीभ जड. रुग्णालयात ईसीजी काढल्यावर कळले की हृदयाचे ठोके अनियमित आहेत. काकू आम्हाला एवढेच म्हणाल्या, "बीपी तर तुम्हीच चांगलं सांगितलं होतं ना?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. म्हणूनच आमचे स्पष्ट मत आहे की नाडी न पाहता नुसते बीपी मोजणारे शिबिर अर्धेच शिबिर आहे.

वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड व ताठर होते. वरच्या डाव्या कप्प्यावर ताण येऊन तो फुगतो. मग तो नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचते, गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. या विकारात तो धोका सुमारे पाच पट वाढतो. पुष्कळांना धडधड, दम, थकवा असे काहीच जाणवत नाही, हे अधिक वाईट.

नाडी पाहायला पैसा लागत नाही. पाच मिनिटे शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. ताल कसाही, कुठेही चुकत असेल तर ईसीजी काढून घ्या. एकदा काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण हा विकार येतो-जातो. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या घरच्या डिजिटल यंत्रावर बीपीचा आकडा दर वेळी वेगळा येतो. यंत्र बिघडले म्हणून ते कपाटात टाकू नका. एकेक मिनिट थांबून तीनदा मोजा, सरासरी वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा.

आता मुख्य गोष्ट, रक्त पातळ करणारी गोळी. बीपीची गोळी गुठळी थांबवत नाही आणि ॲस्पिरिनही या कामाला पुरेशी नाही. वय, बीपी, मधुमेह, पूर्वीचा झटका असे सगळे पाहून डॉक्टर ही गोळी ठरवतात. वॉरफरिन किंवा एसिनोकुमॅरॉल असेल तर आयएनआर तपासणी चुकवायची नाही. मेथी-पालक बंद करू नका, फक्त प्रमाण रोज साधारण सारखे ठेवा. एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन यांसारख्या नव्या गोळ्यांना ती तपासणी लागत नाही, पण मूत्रपिंडाची लागते. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली असेल तर मात्र सहसा जुन्याच गोळ्या द्याव्या लागतात. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून औषध बदलणे म्हणजे जिवाशी खेळ.

काकांच्या घरीही पुढे हेच झाले. दात घासताना हिरडीतून थोडे रक्त आले आणि घाबरून चार दिवस गोळी बंद. असे करू नका, डॉक्टरांना विचारा. काळी शौच, थांबत नसलेले रक्त किंवा डोक्याला मार लागला असेल तर मात्र लगेच रुग्णालय गाठा. ही गोळी घेणाऱ्याचे बीपी वाढलेले राहिले तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती अधिक असते. म्हणून दोन्ही उपचार एकत्रच चालले पाहिजेत. ठोके काबूत ठेवणारी गोळीही मनाने एकदम सोडू नये.

गुडघे दुखले की मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन आणायची आपली सवय आहे. या गोळ्या बीपी वाढवतात आणि रक्तस्रावही वाढवतात. दारू तर दोन्ही विकारांची खतपाणी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, त्यात लोणचे, पापड, सुके बोंबील सगळे आले. मोठ्याने घोरणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावे.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर बीपी आणि साखर तपासली जाते. तिथे गेल्यावर "नाडीचा ताल पण बघा" असे आपणच म्हणायला हवे. विहाराच्या कार्डावर यंदा आम्ही नवा रकाना छापून घेतला आहे: नाडी, नियमित की अनियमित. टेबलावर दोनाऐवजी चार जण बसतील, रांग हळू सरकेल. काकू मदतीला येणार आहेत. घड्याळ लावून मिनिट मोजायचे काम त्यांनी मागून घेतले आहे.