जिंकलेल्या डावाचा हिशेब
नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २८ जुलै २०२५ रोजी बातुमी येथे कोनेरू हम्पी यांना नमवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. प्रदीर्घ पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निर्णय जलद डावांत लागला. धाडसी आक्रमण आणि घड्याळाच्या धाकातही न ढळणारे चित्त, हे तिचे बळ. तरीही अखेरच्या डावात हाती आलेली सरशी मध्येच निसटली होती. जिंकल्यावर तिने स्वतःच सांगितले, की डावाचा शेवटचा टप्पा आपल्याला अजून शिकायचा आहे. नफ्याच्या वर्षीही खातेवही तपासणारा व्यापारीच टिकतो. मालवण-कुडाळकडे मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणाऱ्या मुलांनीही जिंकलेला डाव एकदा सावकाश पुन्हा मांडून पाहावा.