'इतर' नावाचा संघ

परवा बी.ए.च्या वर्गात दोन महायुद्धांमधला जर्मनी शिकवत होतो. तास संपत आला आणि मागच्या बाकावरून एक हात वर झाला. हा मुलगा कॉलेजच्या फुटबॉल संघात खेळतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दिवशी तासाला हमखास गैरहजर. म्हणाला, "सर, ज्यू लोकांची मक्काबिया म्हणून एक वेगळी स्पर्धा असते. तिच्यात फुटबॉलपण असतो. धर्म बघून संघ निवडायचा, हे बरोबर काय?"

मी क्षणाचाही विचार न करता "नाही" म्हटलं आणि मुंबईच्या पंचरंगी क्रिकेटचा दाखला दिला. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे पाच संघ १९३७ पासून तिथं खेळत. गांधीजींनी १९४० साली या स्पर्धेला विरोध केला आणि १९४६ साली ती बंद पडली. "बरं झालं," मी म्हणालो. वर्गाला पटलं. घंटाही झाली.

घरी जाताना मात्र त्यातला एक शब्द मनातून हलेना. 'इतर'! भारतीय ख्रिस्ती, बौद्ध आणि ज्यू यांची सोय या संघात लावलेली होती. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या संघात. १९४३ साली हिंदूंच्या संघाविरुद्ध त्यांनी ३०९ धावा काढल्या त्याही 'इतर' म्हणूनच. आणि कोकणातले आपले बेने इस्राएल? पेणकर, केहीमकर अशी गावांवरून आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं 'शनवार तेली' म्हटलेले. शेकडो वर्षं इथं राहूनही क्रिकेटच्या मैदानावर त्यांचा रकाना 'इतर'चाच. तरी आपल्याकडे त्यांना कुणी हाकललं नाही, ही आपली पुण्याई.

युरोपात तसं नव्हतं. यूलियुस हिर्श हा जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू. १९१२ साली हॉलंडविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात चार गोल केले. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीसाठी लढला. एप्रिल १९३३ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात वाचलं, की दक्षिण जर्मनीतले मोठे क्लब ज्यू सभासदांना काढून टाकणार आहेत. कार्ल्सरूहच्या ज्या क्लबात तो लहानपणापासून होता, त्याचंही नाव त्या यादीत होतं. काढून टाकण्याची वाट न पाहता त्यानं स्वतःच राजीनामा दिला. पुढं तो एका ज्यू क्लबात गेला, कारण दुसरं मैदानच उरलं नव्हतं. १९४३ साली त्याला आउश्वित्झला नेलं. तिथून तो परतला नाही.

ज्यूंचे वेगळे क्लब त्याआधीपासूनच होते, कारण जर्मन-ऑस्ट्रियन व्यायामसंस्थांची दारं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच बंद होऊ लागली होती. व्हिएन्नात १९०९ साली 'हाकोआ' निघाला. हाकोआ म्हणजे शक्ती. या क्लबानं १९२५ साली ऑस्ट्रियाचं अजिंक्यपद जिंकलं. १९३८ साली नाझींनी त्याला टाळं ठोकलं.

या पार्श्वभूमीवर मक्काबियाकडे पाहावं लागतं. पहिली मक्काबिया १९३२ साली तेल अवीवला भरली, तेव्हा तिथं ब्रिटिशांचा अंमल होता. योसेफ येकुतिएली या माणसानं ती मनावर घेतली. दुसरी १९३५ साली झाली. हिटलर सत्तेवर होता आणि बरेच खेळाडू घरी परतलेच नाहीत. खेळायला म्हणून गेले आणि जीव वाचवून राहिले. तिसरी १९३८ साली व्हायची होती, पण थेट १९५० मध्ये झाली.

आज तिथल्या फुटबॉलमध्ये संघ देशावार असतात. अर्जेंटिनाचे ज्यू अर्जेंटिनाकडून, अमेरिकेचे अमेरिकेकडून. इस्राएलकडून मात्र त्या देशाचा कुठल्याही धर्माचा नागरिक खेळू शकतो, म्हणजे अरबसुद्धा. बहुतेक खेळाडू हौशी किंवा कॉलेजची मुलं. अमेरिकेच्या पुरुष संघाला पहिलं सुवर्ण मिळायला २०१३ साल उजाडलं. त्याआधी २००५ साली रौप्य मिळवणाऱ्या अमेरिकन संघात जोनाथन बोर्नस्टाइन होता. वडील ज्यू, आई मेक्सिकन. पाच वर्षांनी, २०१० साली, हाच मुलगा अमेरिकेकडून विश्वचषकात उतरला. तिथं त्याला कुणी धर्म विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी आधी माझं 'नाही' मागं घेतलं. हिर्श आणि बोर्नस्टाइन, दोघांच्या गोष्टी सांगितल्या. म्हणालो, "वेगळं मैदान दिसलं की दोन गोष्टी बघाव्यात. ते कुणी आखलं? हाकलणाऱ्यानं, की हाकललेल्यानं? आणि तिथून मोठ्या मैदानाकडे वाट जाते का? हिर्शची वाट बंद केली गेली, बोर्नस्टाइनची उघडी होती. पंचरंगीत एका गावचे लोक धर्मावर वाटले जात होते. मक्काबिया सुरू झाली ती ज्यांना कुणी संघात घेत नव्हतं त्यांच्यासाठी."

पोरगं ऐकून घेणारं नव्हतं. "पण सर, ते तेव्हाचं झालं. आता त्यांचा देश आहे, सैन्य आहे. आता त्यांना कोण हाकलतंय? शेजारच्या गाझातल्या पोरांचं मैदान कुठाय?"

वर्ग शांत झाला. २०२५ ची मक्काबिया इराणशी पेटलेल्या युद्धामुळं पुढं ढकलावी लागली, हे मला माहीत होतं. पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "हे तुझं खरं आहे. आदल्या पिढीनं सोसलं म्हणून पुढच्या पिढीला दुसऱ्याचं फाटक बंद करण्याचा परवाना मिळत नाही. त्यांना नाही आणि आपल्यालाही नाही."

आपण सीमाभागातली माणसं. कुणाच्या तरी यादीत आपणही 'इतर' असतोच, आणि आपल्या यादीतही कुणीतरी असतं. आपल्या गल्लीतल्या मंडळाचा संघ निवडताना हे एकदा आठवावं, एवढंच.